हक्कसोड : कायदा, सातबारा आणि माहेर

भाऊबीज झाली की तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर एक ओळखीचे दृश्य दिसते. एका गाडीतून दोन-तीन बायका उतरतात. नवी लुगडी, हातात पिशवी, सोबत भाऊ आणि त्याच्या हातात कागदांची फाईल. बहिणी दिवाळीला माहेरी आलेल्या असतातच, तेव्हा ‘ते एक काम’ उरकून घ्यावे असा बेत असतो. ते काम म्हणजे हक्कसोडपत्र. तीसेक वर्षे दिवाणी वकिली करताना मी हे पाहत आलो आहे. ही आकडेवारी नव्हे, डोळ्यांची साक्ष आहे, आणि पुढे सांगेन त्याप्रमाणे अगदी तटस्थ साक्षही नव्हे.

हक्कसोडपत्राची भाषा ठरलेली असते. लिहून देणार ही ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाशिवाय’ मिळकतीतील आपला हिस्सा ‘बिनमोबदला’ सोडून देते. खाली अंगठा किंवा सही, फोटो, दोन साक्षीदार. मुद्रांकशुल्क नाममात्र, कारण सख्ख्या भावाबहिणींमधल्या अशा दस्ताला राज्याने सवलत दिलेली आहे. एवढ्या कमी खर्चात एवढी मोठी मालमत्ता हलवणारा दुसरा कागद माझ्या माहितीत नाही.

ती नेमके काय सोडते, हे कळायला थोडे मागे जावे लागेल. ज्या ‘मिताक्षरे’च्या नावाने आपले वारसा-नियम ओळखले जातात, ती याज्ञवल्क्यस्मृतीवरची विज्ञानेश्वराची टीका. तो राहत होता चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे आपल्या सीमेला लागून असलेल्या आजच्या बसवकल्याणात. मिताक्षरेचा गाभा असा की, वडिलोपार्जित मिळकतीत मुलाला जन्मतःच हक्क मिळतो. बाप मेल्यावर नव्हे, पाळण्यात असतानाच. मुलीला असा हक्क नव्हता. मात्र मुंबई इलाख्यातला शिरस्ता इतर प्रांतांपेक्षा थोडा उदार होता. इथे मुलगा नसला आणि मुलीकडे वारसा आला, तर तो तिच्या पूर्ण मालकीचा मानत. इतरत्र तिला बहुधा हयातीपुरता उपभोगच मिळे.

१९४१ साली सर बेनेगल नरसिंह राव यांच्या अध्यक्षतेखाली हिंदू कायद्याच्या सुधारणेसाठी समिती नेमली गेली. १९४४ मध्ये तिची पुनर्रचना झाली, तेव्हा पुण्याच्या लॉ कॉलेजचे प्राचार्य जे. आर. घारपुरे तिच्यात होते. समितीने गावोगावच्या शहाण्यांच्या साक्षी घेतल्या. लोकमत अजमावून कायदा करण्याचा तो आपल्याकडचा मोठा प्रयोग होता. मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा द्यावा, एवढेच समितीचे म्हणणे होते, तरी समितीतले द्वारकानाथ मित्तर यांनी भिन्नमत नोंदवले. पुढे डॉ. आंबेडकर कायदामंत्री असताना प्रवर समितीने तो हिस्सा मुलाच्या बरोबरीचा केला आणि विरोध आणखी पेटला. विधेयक रखडले, आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. त्यामागे कारणे अनेक होती, पण हिंदू कोड बिलाची झालेली परवड हे त्यांतले मोठे कारण होते.

त्या वेळचा एक आक्षेप आजही चावडीवर जसाच्या तसा ऐकू येतो : मुलींना वाटा दिला तर जमिनीचे तुकडे होतील. तुकडे होतात हे खरे, त्यासाठी १९४७ पासून आपल्याकडे तुकडेबंदीचा कायदाही आहे. पण चार भाऊ वाटण्या करतात तेव्हा तुकड्यांची ही काळजी कोणी काढल्याचे मी ऐकलेले नाही.

१९५६ मध्ये हिंदू उत्तराधिकार कायदा आला तो तडजोड होऊन. बापाच्या स्वतंत्र मालमत्तेत मुलगी मुलाच्या बरोबरीची वारस झाली, पण वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतला मुलग्यांचा जन्मसिद्ध हक्क तसाच राहिला. याचा हिशेब फारच थोड्यांना कळतो, म्हणून उदाहरणच घेतो. नऊ एकर वडिलोपार्जित जमीन, बाप, दोन मुलगे, एक मुलगी, आई आधीच वारलेली. बाप वारला. कायदा म्हणे, मरणाच्या क्षणाआधी वाटणी झाली असे समजा. बाप आणि दोन मुलगे, प्रत्येकी तीन एकर. आता बापाचे तीन एकर तिन्ही मुलांत वाटा. मुलीला एक एकर, मुलग्यांना चार-चार. ‘बापाच्या मिळकतीत मुलगा-मुलगी समान’ हे वाक्य खरेच राहिले, आणि नवातला एक एकर तिच्या पदरी पडला.

केरळने १९७५ मध्ये एकत्र कुटुंब पद्धतच कायद्याने मोडीत काढली. आंध्र, तमिळनाडू, कर्नाटक यांनी मुलीला जन्मसिद्ध हक्क दिला. महाराष्ट्राने तो १९९४ मध्ये दिला, पहिले महिला धोरण जाहीर झाले त्याच वर्षी. पण त्यात एक मेख होती : कायदा लागू होण्यापूर्वी जिचे लग्न झाले तिला हा हक्क नाही. म्हणजे एकाच घरातल्या दोघींपैकी मे महिन्यात लग्न झालेली वगळली जाई आणि डिसेंबरात झालेली आत येई. ‘दिल्या घरी सुखी राहा’ या आशीर्वादाचे कलमात रूपांतर केले तर ते असेच दिसेल.

९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने ही मेख काढली. मुलगी, विवाहित असो की अविवाहित, मुलासारखीच जन्मतः सहहिस्सेदार झाली. आमच्या उदाहरणातले नऊ एकर आता तीन-तीन-तीन. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या वाटण्या आणि दस्त अबाधित राहिले. मग प्रश्न आला : २००५ पूर्वीच वडील वारले असतील तर? सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये एक उत्तर दिले, २०१८ मध्ये त्याला छेद जाणारे दुसरे, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात तीन न्यायमूर्तींनी वाद मिटवला : हक्क जन्माने मिळतो, तेव्हा त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही. तोंडी वाटणी झाल्याचा बचावही सार्वजनिक दस्तऐवजांचा भक्कम आधार असल्याशिवाय चालणार नाही.

कायदा इतका स्पष्ट असूनही त्याविषयीचे लोकज्ञान वेगळेच आहे. ‘लग्नात खर्च केला, त्यात तिचा वाटा फिटला.’ कायद्यात असे कुठेही नाही, आणि हुंडा देणे तर गुन्हाच आहे. ‘बारा वर्षांत मागितला नाही, संपला.’ तेही नाही, कारण एका सहहिस्सेदाराचा ताबा सर्वांच्या वतीने आहे असे धरतात. दुसऱ्याचा हक्क उघड नाकारून ताबा ठेवल्याचे सिद्ध करावे लागते. ‘सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे हक्क नाही.’ सातबारा महसुलासाठी आहे, मालकी तो निर्माण करत नाही. उलट बाजूचाही एक गैरसमज आहे. वडिलांनी स्वतः कमावलेले सगळे मुलींना मिळतेच, असे नाही. ते मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतात. आणि आजोबांकडून १९५६ नंतर वारसाने वडिलांना आलेली मालमत्ता आपण सर्रास ‘वडिलोपार्जित’ म्हणतो, पण १९८६ च्या चंदर सेन निकालापासून ती बहुधा त्यांची स्वतंत्रच धरली जाते. वडील मृत्युपत्र न करता गेले तर तिच्यात मुलीचा वाटा असतोच, पण जन्माने नव्हे, वारस म्हणून.

सर्वांत नुकसान करणारा समज म्हणजे वारसनोंद आणि वाटणी यांतला घोटाळा. वडील वारल्यावर तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे) वर्दी दिली की फेरफार होतो, नोटिसा निघतात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि सगळ्या वारसांची नावे लागतात. बहिणीचे नाव लागले म्हणून उद्या शेतात बांध पडत नाही. भाऊ कसतो तो कसतच राहतो. तिचे नाव नुसते राहू द्या, असे मी अनेक भावांना सुचवून पाहिले. ‘पण कर्जाला, विक्रीला तिची सही लागेल ना,’ असे उत्तर येते. ते खरे आहे. मालक असण्याचा अर्थच तो.

मग लोकमत या कायद्याच्या विरोधात आहे का? प्यू रिसर्च सेंटरने २०१९-२० मध्ये देशभर सुमारे तीस हजार प्रौढांशी बोलून केलेल्या पाहणीत ६४ टक्के लोक म्हणाले की, आईवडिलांच्या मालमत्तेत मुलगा-मुलगीला समान हक्क असावा. राव समितीच्या काळाशी ताडून पाहता ही उलथापालथच आहे. पण त्याच पाहणीत ६३ टक्के लोक म्हणाले की, आईवडिलांचे अंत्यसंस्कार ही प्रामुख्याने मुलाची जबाबदारी. हे दोन आकडे शेजारी ठेवले की दुय्यम निबंधकाबाहेरचे दृश्य समजू लागते. हक्क समान असावा असे वाटते, पण घर मुलाचे, मुलगी पाहुणी, ही समजूत हललेली नाही. २०१५-१६ च्या कृषिगणनेत शेतजमिनीच्या वहिवाटदारांत स्त्रिया सुमारे १४ टक्के होत्या, आणि माझ्याकडे आलेल्या अशा स्त्रियांत विधवाच जास्त. नवऱ्यामागे नाव लागते, बापामागे लागत नाही.

याला छेद देणारे प्रयत्न आपल्याच मातीत झाले आहेत. चांदवडला १९८६ मध्ये शेतकरी महिलांचे प्रचंड अधिवेशन झाले, आणि नंतर शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढली. गावातल्या शंभर घरांनी बायकांच्या नावे जमीन केली की ते गाव लक्ष्मीमुक्त. पण ती पत्नीची गोष्ट होती. बहिणीच्या नावाची मोहीम अजून कोणी काढलेली नाही.

बहिणी सही का करतात? अज्ञानाने, असे शहरी लोक म्हणतात. एका साठीच्या बाईंना मी बाजूला घेऊन विचारले होते, “मावशी, कागदात काय आहे ते माहीत आहे ना?” त्या म्हणाल्या, “माहीत आहे की वकीलसाहेब. दीड एकर माझी हाये. पर उद्या नवऱ्यानं भाईर काढलं, तर मला यायला एक उंबरा नको का?” त्यांना हिशेब पुरता कळत होता. जात्यावरच्या ओव्यांतली बहीणही भावाकडे चोळी मागते, शेत मागत नाही. गी प्वातवां आणि हेमा राईरकर यांनी जमवलेल्या ओव्यांच्या प्रचंड संग्रहात भाऊ पानोपानी आहे, ते उगीच नव्हे. चोळी दरवर्षी मागता येते, आणि ती मागायला माहेरी जावे लागते.

म्हणून मी सल्ला देताना एवढेच सांगतो की, नोंदवलेले हक्कसोडपत्र मागे घेता येत नाही. फसवणूक किंवा दडपण कोर्टात सिद्ध करावे लागते, तेही कळल्यापासून तीन वर्षांत. घाईने सही करू नका, दिवाळीत तर नकोच.

नऊ एकरांचे उदाहरण मी कल्पनेतून घेतलेले नाही. ते आमचे शेत. आमचे वडील १९९७ साली गेले. आक्काचे लग्न १९७९ मध्ये झालेले, म्हणजे राज्याच्या कायद्याने ती बाहेर होती. एक एकर मात्र तिचा होता. १९९८ च्या दिवाळीत तिचे हक्कसोडपत्र झाले, आणि मसुदा माझ्या हातचा आहे. “तुला तसंही फारसं काही येत नाही,” असे मी तिला म्हणालो होतो. तो दस्त २००४ पूर्वीचा आणि नोंदवलेला, त्यामुळे पुढच्या कोणत्याही निकालाने त्याला धक्का लागला नाही. सही करून झाल्यावर तिने पेनाचे टोपण लावले आणि विचारले, “अरे, ह्यात विहीर पण आली का रे?”

मी म्हणालो, आली.