इंटरफेसचे काउंटर: आकडा खरा, वाचन चुकीचं

कॉलेजचं, इस्पितळाचं किंवा एखाद्या पतसंस्थेचं नेटवर्क सांभाळणाऱ्याला हा प्रसंग नवा नाही. सकाळी अकराच्या सुमारास तक्रारींचे फोन सुरू होतात, सगळं संथ चाललेलं असतं आणि समोरचा आलेख मात्र सांगतो की मुख्य लिंक पाच-सात टक्केच भरली आहे. मग दोष सर्व्हरवर जातो, नाहीतर सेवा पुरवणाऱ्यावर. अशा वेळी आधी आलेखच तपासावा असं मला ठामपणे वाटतं, कारण एसएनएमपी या नेटवर्क उपकरणांची माहिती वाचण्याच्या पद्धतीत मिळणाऱ्या काउंटरबद्दलचे काही गैरसमज पुष्कळ जुने आणि चिवट आहेत.

पहिला म्हणजे राउटर किंवा स्विच आपला वेग कळवतो हा. इंटरफेसच्या प्रमाणित तक्त्यात चालू वाहतुकीचा वेग सांगणारा रकानाच नाही. इफ-स्पीड नावाचं एक मूल्य आहे, पण ती पोर्टची क्षमता. वाहतुकीसाठी फक्त आत आलेल्या आणि बाहेर गेलेल्या बाइटांची चढती बेरीज मिळते. विजेच्या मीटरवरच्या आकड्याला जसा स्वतःचा अर्थ नसतो, मागच्या आणि आजच्या आकड्यातली वजाबाकी तेवढी कामाची असते, तसंच हे. दोन वाचनांतला फरक घ्यायचा, आठने गुणायचं, मधल्या सेकंदांनी भागायचं. इथे सेकंद खरे मोजलेले हवेत. दर 300 सेकंदांनी विचारायचं ठरलं असलं, तरी उपकरणावर ताण असताना उत्तर उशिरा येतं आणि आलेखात नसलेले चढ-उतार उमटतात.

सर्वांत जास्त फसवतो तो काउंटरचा आकार. मूळचे काउंटर 32 बिटांचे आहेत. 4,294,967,295 पर्यंत मोजलं की ते पुन्हा शून्यावर येतात. एक वेढा पडला तर सॉफ्टवेअर तो ओळखून हिशेब सुधारतं, म्हणून अनेकांना वाटतं की प्रश्न मिटला. पण दोन वाचनांमध्ये एकाहून जास्त वेढे पडले, तर ते कळण्याचा कोणताही मार्ग उरत नाही. 10 मेगाबिटच्या पूर्ण भरलेल्या लिंकवर हा वेढा 57 मिनिटांनी पडतो, 100 मेगाबिटवर पावणेसहा मिनिटांनी आणि 1 गिगाबिटवर अवघ्या 34 सेकंदांनी.

म्हणजे दर पाच मिनिटांनी 32 बिटांचा काउंटर वाचणारा आलेख साधारण 114 मेगाबिटच्या वर जाऊच शकत नाही. गिगाबिट लिंकवर प्रत्यक्ष 400 मेगाबिट वाहत असतील, तर पाच मिनिटांत 15 अब्ज बाइट जातात. काउंटर तीनदा फिरतो आणि आलेखात 56 मेगाबिट दिसतात. वाहतूक 470 मेगाबिटवर गेली की काउंटर चौथ्यांदा फिरतो आणि आलेख 12 मेगाबिटच्या आसपास कोसळतो. ओझं वाढतंय आणि आलेख उतरतोय. तक्रारींच्या वेळेला ‘पाच-सात टक्के’ दिसण्यामागे हे कारण नक्की तपासावं.

पाच मिनिटांची ही चाल रुळली त्या काळात ती पुरेशी होती. टोबिआस ओएटिकर यांनी 1995 मध्ये एमआरटीजी हे सॉफ्टवेअर बाहेर आणलं, ते इंग्लंडमधल्या लेस्टरच्या विद्यापीठातली 64 किलोबिटची एकुलती एक लिंक पाहण्यासाठी लिहिलेलं होतं. त्या वेगाला 32 बिटांचा काउंटर भरायला सहा दिवस लागतात. पुढे लिंक हजारो पटींनी रुंद झाल्या आणि सवय तशीच राहिली.

उपाय मात्र जुना आणि फुकट आहे. इफ-एचसी-इन-ऑक्टेट्स आणि इफ-एचसी-आउट-ऑक्टेट्स हे 64 बिटांचे काउंटर वाचावेत. 20 मेगाबिटहून वेगवान इंटरफेसवर ते असलेच पाहिजेत असं आरएफसी 2863 हे 2000 सालचं मानक सांगतं. अट एकच, एसएनएमपीची पहिली आवृत्ती वापरायची नाही, कारण तिच्यात 64 बिटांचा आकडा बसतच नाही. पुष्कळ ठिकाणी उपकरण सक्षम असूनही निव्वळ या एका सेटिंगमुळे आलेख चुकतो. क्षमतेचंही तसंच आहे. इफ-स्पीडची मर्यादा सुमारे 4.29 गिगाबिट, त्यामुळे 10 गिगाबिटच्या पोर्टची टक्केवारी काढताना मेगाबिटमध्ये मोजणारं इफ-हाय-स्पीड घ्यावं लागतं.

एवढं करूनही आलेख बरोबर आला म्हणजे लिंक मोकळी होती, असं नव्हे. गिगाबिट लिंक 30 सेकंद तुडुंब भरली आणि उरलेली साडेचार मिनिटं रिकामी राहिली, तर सरासरी 10 टक्के येते. त्या 30 सेकंदांत व्हिडिओ कॉल तुटलेला असतो. अशा वेळी पाहायचा तो बाहेर जाण्याआधी टाकून दिलेल्या पॅकेटांचा काउंटर, इफ-आउट-डिस्कार्ड्स. वाहतूक कमी आणि डिस्कार्ड वाढते, ही जोडी दिसली की रांग मधूनमधून ओसंडते आहे असं समजावं. डिस्कार्ड आणि एरर यांची गल्लत करू नये. एरर वाढले तर केबल, कनेक्टर किंवा फायबरचं मॉड्यूल तपासायचं. डिस्कार्ड वाढले तर पॅकेट बहुधा धडधाकट होतं, जागा अपुरी पडली. केबल बदलून डिस्कार्ड थांबत नाहीत, आणि तरीही लोक पहिल्यांदा केबलच बदलतात.

पोर्टच्या स्थितीबद्दलची समजूतही अशीच ढोबळ आहे: 1 म्हणजे चालू, 2 म्हणजे बंद. प्रत्यक्षात इफ-ऑपर-स्टेटसची सात मूल्यं आहेत. मॉड्यूल काढून घेतलं तर 6 येऊ शकतं आणि खालचा थर पडल्यामुळे वरचा इंटरफेस बंद झाला तर 7. ‘2 आलं तर इशारा दे’ एवढाच नियम लिहिलेला असेल, तर एकत्र बांधलेल्या पोर्टांचा अख्खा गट कोसळूनही त्या गटासाठी फोन वाजेलच असं नाही. नियम असा हवा: इफ-अ‍ॅडमिन-स्टेटस 1 असताना ऑपर-स्टेटस 1 नसेल तर कळव. म्हणजे मुद्दाम बंद ठेवलेले पोर्टही उगाच ओरडत नाहीत.

स्थिती चालू दिसली म्हणून ती मधल्या काळात चालूच होती, असंही नाही. दोन वाचनांच्या मध्ये पोर्ट पडून उठला, तर दोन्ही वेळा 1 च मिळतं. ही घटना इफ-लास्ट-चेंजमध्ये उमटते, म्हणून तेही वाचायला हवं. ट्रॅप, म्हणजे उपकरणाने स्वतःहून पाठवलेला इशारा, येईलच या भरवशावर राहू नये. ट्रॅप यूडीपीवरून जातो, त्याची पोच मिळत नाही, आणि जी लिंक तुटली तिच्यावरूनच तो जाणार असेल तर तो पोहोचतच नाही. दुसऱ्या आवृत्तीपासून आलेला इन्फॉर्म पोच मिळेपर्यंत पुन्हा पाठवता येतो, तो पर्याय असेल तर घ्यावा.

उपकरण पुन्हा सुरू झाल्यावर इंटरफेसचे क्रमांक बदलू शकतात, हे तर अनेकांच्या गावीही नसतं. कालपर्यंत इंटरनेटची लिंक असलेल्या क्रमांकाखाली आज हिशेब विभागाचा पोर्ट येतो आणि आलेख विनातक्रार पुढे चालू राहतो. त्यामुळे नोंद क्रमांकावर न बांधता इफ-नेमवर बांधावी, आणि प्रत्येक महत्त्वाच्या पोर्टच्या इफ-एलियसमध्ये ती लिंक कुठे जाते हे लिहून ठेवावं. रात्री दोन वाजता दुसऱ्या कुणाला ते वाचावं लागतं.