हंगाम असेपर्यंतच उघडी राहणारी खानावळ

आमच्या बीड जिल्ह्यात हंगाम म्हटलं की आधी ऊसतोड आठवते. दसरा-दिवाळी झाली की गावागावांतून कोयते बाहेर पडतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. वर्गातली निम्मी बाकं रिकामी होतात आणि उन्हाळा लागेपर्यंत तशीच राहतात. यंदा दिवाळीच्या सुट्टीत आम्हीही घराबाहेर पडलो. आम्ही कामाला निघालो नव्हतो, अम्मींना समुद्र दाखवायला निघालो होतो.

अम्मींचं वय सत्तरच्या घरात. त्यांनी आयुष्यभर सुकट आणि सुके बोंबील खाल्ले, तेही आठवडी बाजारातून पावशेर-अर्धा किलो आणून. ताजा मासा म्हणजे माजलगाव धरणाचा रोहू किंवा कटला, आणि तो कधीतरीच. १९७२ च्या दुष्काळात त्या शाळकरी वयात खडी फोडायला गेल्या होत्या. तेव्हा मिळालेली सुकडी आणि मिलोची लाल भाकरी त्या अजून सांगतात. एकदा धाकट्या नातीने विचारलं, "दादी, बोंबील ओला असतो तेव्हा कसा दिसतो?" अम्मींना उत्तर देता आलं नाही. त्याच दिवशी आमचा बेत ठरला.

मुक्काम मुरूड-जंजिऱ्याला करायचा ठरला. बीडहून पुणे, ताम्हिणी घाट, माणगाव असा सुमारे चारशे किलोमीटरचा रस्ता. पुण्यापर्यंत आमच्याच दिशेने निघालेले ट्रक-ट्रॅक्टर दिसत होते. त्यांवर संसार, बायका-मुलं आणि एखादी शेळी. एका ट्रॅक्टरवरून आमच्या शाळेतल्या चौथीच्या मुलाने हात हलवला. आम्हीही हलवला. मग गाडीत बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

आधी फोन, मग जेवण

मुरूडमध्ये हॉटेलं पुष्कळ आहेत. पण आमच्या एका सहकाऱ्याने कोकणी मुस्लिम घरातल्या खानावळीचा पत्ता दिला होता. पाटी नाही, छापील मेनू नाही. आदल्या रात्री फोन करायचा, माणसं किती ते सांगायचं. काय मिळेल ते दुसऱ्या दिवशी सकाळी होड्या किनाऱ्याला लागल्यावर ठरतं. दुपारी फार तर तीन कुटुंबांची पंगत होते. जूनपासून गणपतीपर्यंत दार बंद.

आम्ही ऐकून आहोत की आयर्लंडसारख्या देशांतही समुद्रकाठच्या गावांतली काही नावाजलेली उपाहारगृहं हंगामापुरतीच चालतात. लोक आधी जागा राखून ठेवतात आणि त्या दिवशी जे ताजं असेल ते एकेक पदार्थ करून समोर येतं. तिथे हिवाळ्यात कुलूप लागतं, इथे पावसाळ्यात. तिथलं बिल आपल्या पगारात बसणारं नाही, इथलं बसलं.

खानावळ चालवणाऱ्या बाईंना सगळे आपा म्हणतात. फोनवर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तुम्ही हनफी का शाफई?" आम्ही गोंधळलो. मग ध्यानात आलं. कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई मसलकाचे. त्यांच्याकडे समुद्रातला खेकडाही चालतो. आपण मराठवाड्यातले लोक हनफी. आपल्याकडे मासा चालतो, खेकडा नाही, आणि कोळंबीबद्दल उलमांमध्ये मतभेद आहेत. आपा म्हणाल्या, "मग चिंबोरी बाजूला ठेवते. कोळंबीचं तुम्ही ठरवा." न मागता पाहुण्याची अडचण ओळखणं याला आम्ही मेहमाननवाजी म्हणतो. पैसे घेऊन जेवू घालणाऱ्या घरात ती दिसली म्हणून जास्त भावली.

दस्तरखान

पडवीत चटई, त्यावर दस्तरखान. अम्मींचे गुडघे दुखतात म्हणून त्यांना खुर्ची. आधी कोकमाचं सरबत आलं. मग ओल्या बोंबलाची कुरकुरीत तळलेली तुकडी. अम्मींनी ती उलटी-पालटी करून पाहिली, काटा कुठे लागतो का ते बोटांनी चाचपलं आणि बिस्मिल्लाह म्हणून तोंडात टाकली. "हा तर लोण्यासारखा आहे," त्या म्हणाल्या. सुक्या बोंबलाला दात लावणारी ही माणसं, त्यांना खरं वाटेना.

त्यानंतर बांगड्याचं तिखलं आणि तव्यावरून थेट ताटात येणारी तांदळाची भाकरी. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या आम्हाला ती फार नाजूक वाटली. मग सुरमईचं नारळाच्या रसातलं कालवण आणि भात. शेवटी तांदूळ आणि नारळाच्या दुधाचं वाफवलेलं गोड सांदण. एक पदार्थ संपल्याशिवाय दुसरा येत नव्हता, त्यामुळे ताटात काही उरलं नाही. आपल्याकडे लग्नात एकाच वेळी दहा पदार्थ वाढतात आणि निम्मं अन्न टाकलं जातं. तो इसराफ टाळण्याचा साधा उपाय आम्हाला इथे दिसला.

आमच्या मुलाने पापलेट मागितलं होतं. आपा म्हणाल्या, "आज बाजारात होतं ते तळहातापेक्षा लहान. पिल्लू आहे ते. मी आणत नाही." हाच मासा, रुपेरी पापलेट, २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्य मासा म्हणून जाहीर झाला. अंडी घालायच्या आधीच पिल्लं धरली तर पुढे मोठा मासा येणार कुठून, असा आपांचा सवाल. मुलगा जरा हिरमुसला, पण त्याला ते पटलं.

आठ महिन्यांचा हंगाम, बारा महिन्यांचं पोट

जेवण झाल्यावर आम्ही सोबत नेलेली सीताफळं आपांच्या हवाली केली. बालाघाटाच्या डोंगरातली, हंगामातली शेवटची. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे हे आम्ही जरा अभिमानाने सांगितलं. आपांनी एक फोडून तिथेच खाल्लं आणि मग त्यांच्या धंद्याची गोष्ट निघाली.

१ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. समुद्र खवळलेला असतो आणि बऱ्याच माशांचा तो विणीचा काळ असतो. होड्या ओढून वर घेतात, झाकून ठेवतात, जाळी दुरुस्त करतात. पर्यटकही येत नाहीत. जंजिऱ्याला जाणाऱ्या होड्यासुद्धा पावसाळ्यात बंद. आपा तेवढ्या काळात मसाले कुटून विकतात, उन्हाळ्यात वाळवलेली सुकट काढतात. "हंगाम आठ महिन्यांचा, पोट मात्र बारा महिन्यांचं," त्या सहज बोलून गेल्या. हेच वाक्य आमच्या गावातल्या कुठल्याही ऊसतोड मजुराच्या तोंडी शोभलं असतं. फरक इतकाच की आपा हंगामात घरी असतात आणि आमची माणसं हंगामात घर सोडतात.

अम्मी इतका वेळ ऐकत होत्या. त्यांनी एकदम विचारलं, "तुम खाना खाए क्या?" आपा हसल्या. सगळ्यांचं झाल्यावर खाते म्हणाल्या. तेव्हा तीन वाजून गेले होते. अम्मींनी त्यांचा हात धरून शेजारी बसवलं, आणि आमच्या मुलीने आतून ताट आणून वाढलं. पैसे देताना आपांनी सीताफळांचे म्हणून शंभर रुपये कमी घ्यायचा हट्ट धरला. आम्ही घेऊ दिला नाही, तर सुक्या बोंबलाची एक जुडी पिशवीत येऊन पडली.

जंजिरा आणि किनारा

दुसऱ्या दिवशी राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा पाहिला. आम्ही उर्दू शिकवतो, त्यामुळे मुलांना आधी शब्दच सांगितला: अरबी 'जज़ीरा' म्हणजे बेट, त्याचाच झाला जंजिरा. आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींनी तो राखला आणि मराठ्यांनी प्रयत्न करूनही तो त्यांच्या हाती लागला नाही. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झालं. किल्ल्याच्या दरवाजाशी हलत्या होडीतून उतरावं लागतं, म्हणून अम्मी धक्क्यावरच थांबल्या. परत आलो तर त्या बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर वाळत घातलेले बोंबील पाहत उभ्या होत्या. म्हणाल्या, "हेच आपल्या बाजारात येतात. इतक्या लांबून."

परत आल्यावर

सुट्टी संपली. शाळेत हंगामी वसतिगृह सुरू झालं होतं. आई-वडील ऊसतोडीला गेलेली मुलं गावात आजी-आजोबांकडे राहतात आणि सकाळ-संध्याकाळ शाळेत जेवतात. मूल गावात राहिलं तर त्याची शाळा टिकते, फडावर गेलं तर बहुधा सुटते. रस्त्यात हात हलवणारा तो चौथीचा मुलगा मात्र त्या पंगतीत नव्हता. त्याला सांभाळायला गावात कुणी नाही. आम्ही त्याच्या वडिलांना फोन केला आणि कारखान्याच्या परिसरातल्या शाळेत त्याला बसवण्याबद्दल बोललो. ते हो म्हणाले आहेत. दर आठवड्याला फोन करून विचारायचं आम्ही ठरवलं आहे.

त्या संध्याकाळी अम्मी शाळेत आल्या. मुलांनी समुद्राबद्दल विचारून त्यांना भंडावलं. अम्मींनी मात्र आधी स्वयंपाक करणाऱ्या ताईंना विचारलं, "तू जेवलीस का?"

ज्यांना मुरूडला जायचं असेल त्यांनी ऑक्टोबर ते मे दरम्यान जावं. घरगुती खानावळीत जेवायचं असेल तर आदल्या दिवशी फोन करावा, आपला मसलक मोकळेपणाने सांगावा आणि ज्या दिवशी जे ताजं असेल ते आनंदाने खावं. लहान पापलेट मागू नये. आणि उठण्याआधी, ज्यांनी रांधलं ते जेवले का, एवढं विचारावं.