कादंबरी आमची, घाईही आमचीच!

सहा डिसेंबरला दादरच्या शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या स्टॉलमागे सतरंजीवर बसलेला, समोर एकाच कादंबरीची चळत मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याला 'जयभीम' करणारा माणूस वाचकांनी पाहिला असेल. लोक त्याला विक्रेता समजतात. विक्रेता तो आहेच. पण ती कादंबरी लिहिणाराही तोच, तिचा प्रकाशक तोच, मुद्रितशोधक तोच आणि कल्याणहून लोकलमधून गठ्ठे वाहून आणणारा हमालही तोच! तो माणूस म्हणजे आम्ही. अकरा वर्षांत आम्ही तीन कादंबऱ्या लिहिल्या आणि तिन्ही स्वतःच छापल्या.

हे रडगाणे नव्हे. आमच्या हातून घडलेली एक चूक आम्हांला वाचकांसमोर कबूल करायची आहे आणि त्या चुकीने जे शिकवले ते चळवळीतल्या लिहित्या हातांना सांगायचे आहे.

'ज्याला कोणी छापत नाही तो स्वतः छापतो,' असा टोमणा प्रस्थापितांच्या साहित्यवर्तुळात नेहमी ऐकू येतो. आम्हांला त्याची लाज वाटत नाही. आमच्या महापुरुषांना तरी कोणी पायघड्या घातल्या होत्या? महात्मा जोतीराव फुल्यांचे 'तृतीय रत्न' हे १८५५ सालचे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीने नाकारले. १८८३ साली त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तेव्हा आपल्याच चळवळीच्या 'दीनबंधू'ने पहिली दोन प्रकरणे छापली आणि पुढची थांबवली. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू झाला, तेव्हा 'केसरी'ने त्याची जाहिरात पैसे देऊनही छापली नाही. आणि १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने भाषणातला मजकूर गाळण्याचा आग्रह धरला, तेव्हा बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. परिषद रद्द झाली. पण बाबासाहेबांनी तेच भाषण स्वतःच्या खर्चाने छापले. त्याच्या १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. स्वतः लिहिणे, स्वतः छापणे आणि स्वतः लोकांपर्यंत नेणे ही आमची नामुष्की नव्हे, आमची परंपरा आहे!

परंतु परंपरेचा अभिमान बाळगला म्हणजे तिच्यातले कष्ट कमी होत नाहीत. आमचा दिवस पहाटे चारला सुरू होतो. चार ते सहा लेखन. त्यानंतर नळ, डबा, स्टेशन. सव्वासातच्या लोकलमध्ये उभे राहण्यापुरती जागा मिळाली तर मांडीऐवजी पुढच्याच्या पाठीवर कागद टेकवून प्रुफे तपासायची. दिवसभर कचेरीत कारकुनी. रात्री परतल्यावर अक्षरजुळणी करणाऱ्याकडे फेरी, कारण त्याने श्रीलिपीतला मजकूर युनिकोडमध्ये नेताना रफार आणि जोडाक्षरे उडवलेली असतात. जेवण झाल्यावर मोबाईल घेऊन बसायचे आणि व्हॉट्सअॅपच्या चाळीस गटांत मुखपृष्ठाचे चित्र टाकायचे. लेखनाला दोन तास, आणि लिहिलेले विकायला चार. हा हिशेब आम्ही कित्येक वर्षे हसत-हसत सांगत आलो. त्यातला धोका आमच्या लक्षात आला नाही.

पैशाचाही हिशेब ऐका. दुसरी कादंबरी २०८ पानांची, म्हणजे तेरा फर्म्यांची. ५०० प्रतींना अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, कागद, छपाई आणि बांधणी धरून ६२ हजार रुपये लागले. किंमत ठेवली २५० रुपये. परीक्षणासाठी, पुरस्कारांच्या स्पर्धांसाठी आणि स्नेह्यांना ६० प्रती फुकट गेल्या. त्यातच कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना प्रकाशकाने स्वखर्चाने पाठवायच्या प्रतीही आल्या. कारण प्रकाशक आम्हीच! उरल्या ४४०. दुकानदाराचे कमिशन ४० टक्के, म्हणजे हातात १५० रुपये. सगळ्याच्या सगळ्या प्रती खपल्या तर ६६ हजार. कागदावर चार हजार रुपये फायदा. तो टपालात आणि टेम्पोत जातो. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर्ड बुक पोस्टची स्वस्त सोय बंद केली, तेव्हा खेड्यातल्या वाचकाला एक प्रत पाठवतानाही आम्हांला दोनदा विचार करावा लागला.

म्हणून आमच्यासारख्या लेखकाला स्टॉल हवा असतो. नागपूरची दीक्षाभूमी, दादरची चैत्यभूमी आणि एक जानेवारीचे भीमा कोरेगाव. तिथे कमिशन नाही. वाचक थेट समोर उभा असतो. पोटाला चिमटा काढून पुस्तक विकत घेणारा असा वाचक दुसऱ्या कोणत्या समाजाजवळ आहे? पण तो आधी बाबासाहेबांचे खंड घेतो, मग चरित्र, मग मुलांसाठी गोष्टींचे पुस्तक. कादंबरीची पाळी शेवटी येते, आणि तोवर पिशवीतले पैसे संपत आलेले असतात. तेव्हा त्या एका दिवशी आपली कादंबरी तिथे हवीच, हा ध्यास आम्ही घेतला. चुकीचे मूळ तिथेच आहे.

साल होते २०२२. कादंबरी लिहून झाली होती. सप्टेंबरात आम्हांला वाटले की नायकाचा बाप, संपत, बराच उशिरा मरतो त्यापेक्षा तिसऱ्या प्रकरणात मेला तर पोराच्या शिक्षणाची ओढाताण अधिक ठळक होईल. विचार बरोबर होता. आम्ही मृत्यूचे प्रकरण उचलून पुढे आणले, आजूबाजूची दोन प्रकरणे नव्याने लिहिली. एवढा बदल केल्यावर सगळी कादंबरी पहिल्यापासून शांतपणे वाचायला हवी होती. पण गटागटांतून मुखपृष्ठ फिरले होते. सहा डिसेंबरची तारीख आम्ही जाहीर करून बसलो होतो. ९० जणांनी आगाऊ पैसे पाठवले होते. छापखानेवाल्याने सांगितले, वीस नोव्हेंबरपर्यंत मजकूर द्या. त्यानंतर मशीन कॅलेंडर आणि डायऱ्यांना लागेल. जाहिरात आधी झाली आणि पुस्तक नंतर! शेवटची प्रुफे आम्ही लोकलमध्ये दोन दिवसांत वाचली. ऱ्हस्व-दीर्घ पाहत होतो. मेलेला माणूस काही दिसला नाही.

सहा डिसेंबरला पुस्तक स्टॉलवर होते. पुढे सत्कार झाला, फोटो निघाले. दोघातिघांनी परीक्षणे लिहिली. सगळ्यांनी कौतुक केले. आज आम्हांला शंका येते की त्यांनी पाचव्या प्रकरणापुढे वाचले होते का!

पुढच्या वर्षी, म्हणजे २०२३च्या सहा डिसेंबरला, अकोल्याकडच्या एक वयस्कर बाई स्टॉलवर आल्या. पांढरे पातळ, खांद्याला कापडी पिशवी, पायांत प्रवासाची सूज. त्यांनी पिशवीतून आमचीच कादंबरी काढली. पाने पेन्सिलीच्या खुणांनी भरलेली होती.

"जयभीम, भाऊ. हे पुस्तक तुमीच लिवलं ना?"

"जयभीम, ताई. हो, आम्हीच."

"मंग मले सांगा, तिसऱ्या प्रकरणात मेलेला संपत अकराव्या प्रकरणात बाजाराले कसा गेला?"

आम्ही पान उघडले. संपत खरोखरच बाजारात बैलाचा भाव करत उभा होता. आम्हांला काय बोलावे सुचेना. बाई म्हणाल्या, "आमी विहारात बायकाइले रोज एक प्रकरण वाचून दाखवत होतो. त्या जागी सगळ्या हासल्या. मले नाही आलं हासू. आपल्या मानसाचं पुस्तक हाय ना!"

आम्ही पैसे परत देऊ केले. त्यांनी हात मागे घेतला. "पैसे नको. दुरुस्त करून छापा, मंग एक मले पाठवजा."

त्या गर्दीत त्या निघून गेल्या आणि आम्ही सतरंजीवर बसून राहिलो. बंधूंनो, कुठल्या परीक्षकाने झोडपले असते तर आम्ही त्याला जातीयवादी म्हणून मोकळे झालो असतो. पण ही बाई तर आमचीच होती. तिने आमची कादंबरी शब्दन् शब्द वाचली होती, आणि आम्ही, तिच्या लेखकाने, ती तेवढ्या आस्थेने वाचली नव्हती! वाचकाच्या घामाचे अडीचशे रुपये घेऊन आम्ही त्याला कच्ची भाकर वाढली होती. ही फसवणूक नव्हे तर काय?

घरी आल्यावर आम्ही दिवाणाखालचे गठ्ठे मोजले. १९० प्रती शिल्लक होत्या. शुद्धिपत्र चिकटवावे असे आधी वाटले. पण जिवंत झालेला बाप शुद्धिपत्रात मावणार कसा? त्या सगळ्या प्रती आम्ही रद्दीत घातल्या. १२४ रुपयांची एक प्रत, असे साडेतेवीस हजार रुपये गेले. आमचा हिशेब आमच्या सहचारिणी ठेवतात. त्यांनी त्या रकमेपुढे वहीत एकच शब्द लिहिला : शिकवणी.

मग आम्ही बाबासाहेबांकडे पुन्हा वळलो, आणि इतकी वर्षे अर्धेच पाहिल्याचे ध्यानात आले. दुसऱ्याच्या दडपणाखाली स्वल्पविराम न बदलणारे बाबासाहेब आम्हांला तोंडपाठ होते. स्वतःच्या लेखनावर निर्दयपणे फिरून फिरून हात चालवणारे बाबासाहेब आम्ही विसरलो होतो. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचा आधीचा खर्डा त्यांनी १९५१ साली फक्त ५० प्रतींत छापून जाणकारांना मत देण्यासाठी वाटला. पुढची पाच वर्षे ते त्यावर काम करत राहिले. छपाईचा खर्च वीस हजारांच्या घरात. तो झेपेना, म्हणून १४ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून सरकारने ५०० प्रती घ्याव्यात अशी विचारणा केली. उत्तर नकाराचे आले. राज्यघटनेच्या शिल्पकाराला आपले पुस्तक खपवण्यासाठी पत्र लिहावे लागले, तिथे आपली काय कथा? पण म्हणून त्यांनी ग्रंथ कच्चा सोडला नाही. ५ डिसेंबर १९५६च्या शेवटच्या रात्रीही त्याची प्रस्तावना त्यांच्या टेबलावर होती. ग्रंथ छापून आला तो १९५७ साली, त्यांच्या पश्चात. तारीख गाठण्यापेक्षा ग्रंथ नीट होणे त्यांना मोलाचे वाटले. आणि आम्ही त्यांच्याच महापरिनिर्वाण दिनाची तारीख गाठण्यासाठी कादंबरी बिघडवली!

तिसऱ्या कादंबरीपासून आम्ही रीत बदलली. आता डिजिटल छपाईमुळे दहा-वीस प्रतीही निघतात. प्रत महाग पडते, पण ६२ हजारांच्या तुलनेत तो खर्च काहीच नाही. आम्ही दहा पूर्वप्रती काढल्या आणि आमच्या वस्तीतल्या विहारात दहा जणांना दिल्या. त्यात एक शिक्षक, एक घरकाम करणारी बाई, दोन महाविद्यालयीन पोरे, एक निवृत्त रेल्वे कामगार होते. आणि आमचे लिखाण मुळीच न आवडणारा एक मित्र मुद्दाम घेतला. दोन महिने दिले. दर रविवारी वंदनेनंतर तासभर चर्चा. घरकाम करणाऱ्या बाईंनी दाखवून दिले की आमची नायिका चार घरची धुणीभांडी करून दुपारी झोपते. "अशी झोप कोणाला मिळते हो?" या त्यांच्या एका प्रश्नाने एक अख्खे प्रकरण बदलले. मात्र शेवट गोड करा, हा सर्वांचा आग्रह आम्ही मानला नाही. ऐकायचे सगळ्यांचे, स्वल्पविराम कुठे द्यायचा ते लेखकाने ठरवायचे.

आणखी एक नियम केला. शेवटचे प्रूफ हातावेगळे होईपर्यंत मुखपृष्ठ कुठेही टाकायचे नाही, तारीख कोणाला सांगायची नाही, आगाऊ पैसा घ्यायचा नाही. त्यामुळे तिसऱ्या कादंबरीचा एक सहा डिसेंबर हुकला. स्टॉलवर आम्ही रिकाम्या हाताने गेलो, इतरांची पुस्तके विकू लागलो. जीव कासावीस झाला खरा. पण कोणी मेलेला माणूस उठून बसला नाही.

स्वतंत्र लेखक म्हणजे एकटा लेखक, ही समजूत आपण टाकून दिली पाहिजे. आपल्याजवळ मोठे प्रकाशनगृह नाही, पगारी संपादक नाही. पण गावोगाव विहार आहेत आणि विहारात वाचणारी माणसे आहेत. पुस्तक छापून झाल्यावर सत्काराला बोलावण्यापेक्षा छापण्याआधी वाचायला त्यांना बोलवा. आणि वाचकांनो, तुम्हीही केवळ आपल्या माणसाचे पुस्तक म्हणून कौतुक करून सोडून देऊ नका. पेन्सिल घेऊन वाचा. चूक सापडली तर स्टॉलवर येऊन तोंडावर विचारा.

दुसऱ्या कादंबरीची दुरुस्त आवृत्ती आम्ही २०२४ साली काढली. तिची पहिली प्रत अकोल्याच्या त्या ताईंना पाठवायची होती. पण त्या गर्दीत आम्ही त्यांचे नाव-गाव लिहून घ्यायचेच विसरलो होतो. ती प्रत वेगळी बांधून ठेवली आहे. दर सहा डिसेंबरला ती स्टॉलवर सोबत असते. ताई, हे वाचत असाल तर या. संपत आता तिसऱ्या प्रकरणानंतर कुठेही जात नाही!