ऐंशी रुपयांतले दहा रुपये

१३ जुलै २००९ रोजी निळू फुले पुण्यात कर्करोगाने गेले. ही तारीख आली की वर्तमानपत्रांतून त्यांची तिरकी नजर, खर्जातला आवाज, धोतर आणि टोपी यांची उजळणी होते. अभिनयाचे कौतुक व्हायलाच हवे. पण आम्हाला निळूभाऊ आठवतात ते एका हिशेबासाठी. नट म्हणून नाव होण्याआधी ते पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळी होते. आडनाव फुले आणि नोकरीही माळ्याची! पगार महिना ८० रुपये. त्यातले १० रुपये ते राष्ट्र सेवा दलाला देत.

१५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी धम्मकार्यासाठी मिळकतीचा विसावा हिस्सा मागितला होता. म्हणजे शंभरातले पाच. हा माळी आठवा हिस्सा देत होता, आणि तोही घरात चणचण असताना. 'पे बॅक टू सोसायटी' हे शब्द आमच्या व्यासपीठांवर फार स्वस्त झाले आहेत. आरक्षणाने साहेब झालेला, वेतन आयोगाचा फरक मोजून घेणारा आमचा बांधव पावतीपुस्तक घेऊन दारी आलेल्या कार्यकर्त्याला 'पुढच्या महिन्यात या' म्हणतो, हे कोणाला ठाऊक नाही?

निळूभाऊ आमच्या चळवळीचे नव्हते, समाजवादी होते. समाजवाद्यांशी आमचे जुने भांडण आहे आणि एका भल्या माणसाच्या नावावर ते मिटवावे असे आम्हाला वाटत नाही. पण भांडण बाजूला ठेवून पाहावे असा हा माणूस होता.

१९६८ च्या 'एक गाव बारा भानगडी'तल्या झेलेअण्णांनी ते घरोघर पोहोचले. त्यानंतर त्यांच्या वाट्याला पाटील, सरपंच, सावकार असेच आले. त्यातले बरेच चित्रपट सुमार होते. बाईची अब्रू आणि पाटलाचा वाडा एवढ्याच भांडवलावर निघालेले. गावोगावच्या बाया त्यांच्या नावाने बोटे मोडत. पण जब्बार पटेल यांच्या 'सामना'तला हिंदुराव वेगळा. तेंडुलकरांनी लिहिलेला हा चित्रपट १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेला होता. त्यात डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर साखरसम्राट हिंदुरावाला एकच विचारत राहतो, की मारुती कांबळेचे काय झाले. आमच्या प्रेक्षकाला ते आडनावच पुरेसे होते. निळूभाऊंचा हिंदुराव ऊठसूट ओरडत नाही. तो मास्तराला घरी आणतो, खाऊपिऊ घालतो, आदराने बोलतो. हाच पाटील आम्ही पाहिला आहे. तो गावजेवण घालतो, पंगत मात्र वेगळी बसवतो. वस्तीतल्या पोराच्या लग्नाला पाकीट पाठवतो आणि मजुरी वाढवून मागितली की त्याच वस्तीवर बहिष्कार घालतो. खेडे म्हणजे काय, हे बाबासाहेबांनी घटना समितीत सांगितले होते. निळूभाऊंनी त्या खेड्याच्या मालकाला त्याच्या हास्यासकट पडद्यावर उभे केले. पाटलाची चाल त्यांनी खालून पाहिली होती, म्हणूनच ती इतकी अचूक उतरली असे आम्ही मानतो.

१९७९ च्या 'सिंहासन'मध्ये हाच नट दिगू टिपणीस नावाचा पत्रकार झाला. सत्तेचा बाजार पाहून शेवटी वेडा होणारा.

नाव झाले, पैसा आला, तरी ती आठव्या हिश्श्याची सवय सुटली नाही. पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळावे म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. त्यासाठी डॉ. लागू, निळूभाऊ, तनुजा अशा नामवंतांनी अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे प्रयोग गावोगाव केले. निधीच्या नावातला 'कृतज्ञता' हा शब्द आम्हाला महत्त्वाचा वाटतो. कार्यकर्त्याला दिलेला पैसा ही भीक नव्हे, समाजाचे देणे आहे, असे हे कलावंत म्हणत होते. आमचे शाहीर, गायक, जलसेवाले रात्ररात्र जागून भीमगीते गात फिरले; त्यांच्या म्हातारपणाची सोय आम्ही कोणत्या निधीतून केली?

येत्या १३ जुलैला वस्तीच्या समाजमंदिरात 'सामना' लावावा. चित्रपट संपल्यावर म्हाताऱ्या माणसांना बोलते करावे, त्यांच्या गावचा हिंदुराव कोण होता ते पोरांना ऐकू द्यावे. आणि दाराशी एक पावतीपुस्तक ठेवावे.