माणसे किती आली? : आमेले भाषेतील क्रियापदाची मोजणी

हमाल आला, हमाल आले. या दोन वाक्यांत 'हमाल' हा शब्द जसाच्या तसा राहिला आहे. एक आला की पन्नास आले, हे आपल्याला कळते ते केवळ क्रियापदावरून. शाळेत वचन शिकवतात ते नामाचे. त्यामुळे मोजणी नामाच्याच पदरी असते असा ग्रह होतो. प्रत्यक्षात मराठीतील कितीतरी पुल्लिंगी नामे हे काम क्रियापदावर टाकून मोकळी होतात. आज ज्या भाषेविषयी सांगायचे आहे तिने हीच रीत पुरती तडीस नेली आहे. मी काही पंडित नव्हे. माझी शाळा नववीत सुटली आणि पुढचे वाचन मार्केट यार्डात पोत्यांवर बसून झाले. परंतु सभेला माणसे किती आली आणि कोणाच्या वतीने आली हे मोजण्यात ज्याची तीस वर्षे गेली, त्याला या व्याकरणात रस वाटला तर नवल नाही.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला न्यू गिनी नावाचे प्रचंड बेट आहे. त्याचा पूर्वेकडील भाग आणि लगतची बेटे मिळून पापुआ न्यू गिनी हा देश १९७५ साली स्वतंत्र झाला. एवढ्याशा देशात आठशेहून अधिक भाषा बोलल्या जातात. त्यांपैकी ज्या मलायी-पॉलिनेशियन गोतातल्या नाहीत, त्यांना 'पापुअन' म्हणण्याचा प्रघात आहे. हे नाव केवळ सोयीचे. या भाषांत अनेक स्वतंत्र कुळे आहेत. आमेले ही त्यांतलीच एक. उत्तर किनाऱ्यावरील मदांग शहराजवळच्या खेड्यांत काही हजार लोक ती बोलतात. जॉन रॉबर्ट्स यांनी तिचे सविस्तर व्याकरण १९८७ साली प्रसिद्ध केले.

'दाना' म्हणजे माणूस. आता पाहा: 'दाना होइआ' म्हणजे माणूस आला. 'दाना होसिआ' म्हणजे दोन माणसे आली. 'दाना होइगा' म्हणजे दोहोंपेक्षा अधिक माणसे आली. 'दाना' जागचा हलत नाही. हवे तर मध्ये 'ते दोघे' या अर्थी 'आले' किंवा 'ते सर्व' या अर्थी 'आगे' घालावे (आपल्या 'आले'शी या 'आले'चा काही संबंध नाही), पण नाही घातले तरी अडत नाही. दोघांसाठी वेगळे रूप आपल्यालाही अपरिचित नाही. संस्कृतातील द्विवचन पुष्कळांनी घोकले असेल. प्राकृतात ते गळाले आणि मराठीपर्यंत पोहोचलेच नाही.

एवढ्यावर भागत नाही. 'होइगा' हे आजच आलेल्यांचे रूप आहे. काल आले असतील तर शेवट निराळा, त्याही आधी आले असतील तर आणखी निराळा. म्हणजे एका शब्दात हजेरीही आली आणि तारीखही आली.

आपण 'मी येऊन जेवलो' म्हणतो, पण 'मी येऊन तू जेवलास' म्हटले तर कानाला खटकते. 'मी आल्यावर' म्हणावे लागते. आमेलेत या भेदावरच लांबलांब वाक्यांची सारी गुंफण उभी आहे. 'हुमिग' म्हटले की अर्थ 'मी येऊन', आणि ऐकणाऱ्याला कळून चुकते की पुढचे कामही माझेच. पुढचा कर्ता बदलणार असेल तर पहिल्या क्रियापदाचे रूप आधीच बदलते. कोणी काय केले याचा घोळ फारसा उरत नाही.

शब्दसंग्रहाचे दोनच मासले देतो. बाप, भाऊ, हात, डोळा असे शब्द सुटे बोलता येत नाहीत. माझा, तुझा, त्याचा हे त्या शब्दालाच चिकटलेले असते. कोणाचाच नसलेला हात तिथल्या कोशात नाही! दुसरी गंमत 'देणे' या क्रियापदाची: त्याला धातूच नाही. घेणाऱ्याची खूण आणि देणाऱ्याची खूण जोडली की 'दिले' असा अर्थ होतो.

असल्या भाषांना 'रानटी' म्हणणारे लोक होऊन गेले. त्यांना एवढेच विचारावे, की 'साहेब आले' या वाक्यात साहेब किती? आपण अनेकवचन मानापानावर खर्च केले. एकटा हमाल 'आला', पण एकटा मुकादम मात्र 'आले'. फाटकावरच्या गड्याने असा निरोप आणला, की एक आला की पाच, हे उठून पाहावे लागते.

मदांगच्या बाजारात आज आमेलेखेरीज दुसरी भाषा ऐकू येते, ती टोक पिसिन. निरनिराळ्या बेटांवरून मळ्यांत आणलेल्या मजुरांच्या तोंडी, मोडक्या इंग्रजीच्या आधाराने ती वाढली. क्रियापदाला वचनाचे प्रत्यय तिच्यात नाहीत. मोजणी सर्वनामांकडे गेली. 'मितुपेला' म्हणजे आम्ही दोघे, 'मिपेला' म्हणजे आम्ही, आणि 'युमी' म्हणजे आपण. इंग्रजीच्या एकाच 'वुई'मधून न मिळणारा हा आम्ही-आपण भेद मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. वाटाघाटीच्या टेबलावर समोरचा 'आपण सारे एका कुटुंबातले' म्हणू लागला, की आमचे लोक मुद्दाम 'आम्ही' म्हणू लागतात.

न्यू ब्रिटन बेटावरील रबाउल येथे जानेवारी १९२९ मध्ये सुमारे तीन हजार कामगारांनी, देशी पोलिसांसह, एका रात्रीत शहर सोडले. सकाळी गोऱ्या धन्यांना चहा द्यायलाही कोणी नव्हते. पुढारी होता सुमसुमा नावाचा जहाजावरचा कप्तान. मागणी होती पगारवाढीची. वेगवेगळ्या मुलखांतल्या या माणसांना जोडणारी बोली टोक पिसिनच होती. संप मोडला आणि सुमसुमाला तीन वर्षांची सजा झाली.

त्याच बोलीत 'माणसे आली' हे 'ओल मान इ काम' असे होते. 'ओल' हा शब्द नामापुढे ठेवला की अनेकजण झाले. दोघेच असतील तर 'तुपेला' म्हणावे. आजच आली हे सांगायचे तर 'तुदे' हा आणखी एक शब्द जोडावा लागतो. आमेलेत हे सगळे एकट्या 'होइगा' आणि 'होसिआ' यांत मावलेले असते.