दोन देशांची एक फुटबॉल साखळी : संगणकीय खेळातील एक प्रतिरूपण

देशागणिक एक फुटबॉल साखळी, ही युरोपातील रूढ व्यवस्था होय. तथापि शेजारच्या दोन लहान देशांनी आपल्या साखळ्या एकत्र कराव्यात, हा विचार वेळोवेळी पुढे येत राहिला आहे. नेदरलँड्स आणि बेल्जियम यांच्या बाबतीत तो एकदा प्रत्यक्षातही उतरला. ह्या दोन देशांतील महिला संघांची संयुक्त साखळी २०१२ साली सुरू झाली व तीन हंगामांनंतर, २०१५ साली, बंद पडली. पुरुषांच्या संयुक्त साखळीस बेल्जियमच्या व्यावसायिक क्लबांनी मार्च २०२१ मध्ये तत्त्वतः पाठिंबा दिला. परंतु ती योजना कागदावरच राहिली. जी व्यवस्था अस्तित्वात आली नाही तिचे परिणाम अभ्यासावयाचे कसे, असा प्रश्न येथे उद्भवतो. संगणकावर तिचे प्रतिरूप उभे करणे हा त्याचा एक मार्ग होय.

‘फुटबॉल मॅनेजर’ ह्या संगणकीय खेळात खेळणारा एका क्लबाचा व्यवस्थापक होतो. खेळाडूंची खरेदी-विक्री, वेतन आणि संघनिवड ही कामे तो पाहतो. इतर सर्व क्लबांचे व्यवहार व सामने संगणक चालवितो. खेळ सुरू करण्यापूर्वी स्पर्धांचे नियम बदलता यावेत म्हणून त्यास एक संपादन-साधन जोडलेले असते. त्याच्या साहाय्याने दोन देशांचे संघ एका गुणतक्त्यात बसविणे फारसे कठीण नाही. कठीण भाग त्यानंतर येतो. कारण सामान्य चर्चेत जे नियम मोघम राहतात, ते संगणकास नेमके सांगावे लागतात.

२०२०-२१ च्या हंगामात दोन्ही देशांच्या अव्वल साखळ्यांत प्रत्येकी १८ संघ होते. चर्चेतील आराखड्यानुसार संयुक्त साखळीतही १८ च संघ राहावयाचे होते : १० नेदरलँड्सचे व ८ बेल्जियमचे. म्हणजे ३६ संघांपैकी बरोबर निम्मे संघ अव्वल वर्गातून वगळले जाणार, हे उघड आहे. ह्या १८ संघांच्या दृष्टीने संयुक्त साखळीत कोण विजयी होतो ह्यापेक्षा तिच्यात परतण्याची वाट कशी आहे, हा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा ठरतो. म्हणून बढतीचा व पदावनतीचा नियम हा प्रतिरूपणाचा गाभा होय.

समजा, तळाचे दोन संघ, ते कोणत्याही देशाचे असोत, खाली जातात आणि प्रत्येक देशातून एक संघ वर येतो. हा नियम सरळ व न्याय्य दिसतो. आता सर्व संघ तुल्यबळ मानले, तर दरवर्षी खाली जाणाऱ्या दोन संघांपैकी सरासरी १.११ संघ नेदरलँड्सचे व ०.८९ संघ बेल्जियमचे असतील; वर येणारा मात्र प्रत्येकी एकच. परिणामी १०:८ हे प्रमाण हळूहळू ९:९ कडे सरकते, आणि सुमारे सहा हंगामांत त्यातील निम्मे अंतर तुटते. उलटपक्षी, बेल्जियमच्या संघाची पदावनतीची शक्यता दुप्पट मानली, तर समतोल १२:६ ह्या प्रमाणावर साधतो. तात्पर्य, आरंभी वाटाघाटींनी ठरविलेले प्रमाण ह्या नियमाखाली टिकत नाही. ते संघांचे सापेक्ष बळच ठरविते. शिवाय एका देशाचे दोन्ही संघ खाली आले, तर तेथील दुसऱ्या वर्गात एक संघ वाढतो व दुसऱ्या देशात एक घटतो. वर्गातील संघसंख्या स्थिर ठेवावयाची, तर हा धक्का आणखी खालच्या वर्गांपर्यंत पोहोचतो.

दुसरा पर्याय असा की, प्रत्येक देशाचा सर्वांत खालचा संघ पदावनत व्हावा. येथे प्रमाण अबाधित राहते, पण न्यायास बाध येतो. तळाचे सहा संघ नेदरलँड्सचे निघाले, तर बाराव्या क्रमांकावरील बेल्जियन संघ खाली जाईल आणि सतराव्या क्रमांकावरील डच संघ वाचेल. प्रमाण आणि गुणवत्ता ही दोन्ही एकाच नियमाने पूर्णपणे राखता येत नाहीत.

युरोपीय स्पर्धांतील जागांचा प्रश्नही असाच आहे. ह्या जागा देशांच्या संघटनांना, त्यांच्या क्लबांच्या पाच हंगामांतील कामगिरीवरून मिळतात. संघ कोणत्या देशाच्या नावावर खेळणार, हे म्हणूनच आधी ठरवावे लागते. येथे निरनिराळे दाखले उपलब्ध आहेत. लिख्टेनश्टाइनचा वाडुझ हा संघ स्विस साखळीत खेळतो, पण युरोपात तो स्वदेशाच्या चषकस्पर्धेमार्फत जातो. वेल्सच्या स्वान्सीने २०१३ साली इंग्लंडचा लीग चषक जिंकला व इंग्लंडच्या जागेवर युरोपा लीगमध्ये प्रवेश केला. उपरोक्त महिला साखळीत प्रत्येक देशाचा सर्वांत वरचा संघ त्या देशाचा विजेता मानला जाई. खेळाच्या संपादन-साधनात क्लबाचा देश आणि युरोपीय स्पर्धांसाठीचा देश ह्यांच्या नोंदी वेगवेगळ्या करता येतात, त्या ह्याच कारणाने.

प्रतिरूपणाची मर्यादाही ध्यानात घेणे अगत्याचे आहे. खेळात प्रत्येक स्पर्धेस एक प्रतिष्ठांक दिलेला असतो, आणि क्लबांचे उत्पन्न व खेळाडूंची ओढ काही अंशी त्यावर अवलंबून असते. नव्या साखळीस हा अंक संपादकच देतो. तो उंच दिला व दहा हंगामांनंतर क्लब श्रीमंत झालेले दिसले, तर तो निष्कर्ष नव्हे; ते आपल्याच गृहीतकाचे प्रतिबिंब होय. तसेच एकाच हंगामाचा निकाल यदृच्छेने लागलेला असू शकतो. म्हणून एका वेळी एकच नियम बदलून, तोच आरंभबिंदू घेऊन, अनेक वेळा हंगाम चालवावेत आणि त्यांची सरासरी व विखुरणी दोन्ही पाहावी.

सारांश, संयुक्त साखळीत प्रेक्षक रमतील काय, हे असा खेळ सांगू शकत नाही. परंतु गुणतक्त्यातून पुसलेली देशाची सीमा पदावनतीत, युरोपीय जागांत आणि वगळलेल्या १८ संघांच्या परतीच्या वाटेवर पुन्हा कशी उमटते, हे तो स्पष्ट दाखवितो. अशी योजना मांडणाऱ्याने विजेता कोण होईल ह्याआधी, बाराव्या क्रमांकावरच्या संघास काय सांगावयाचे, हे ठरविलेले असावे.