आटे नसलेला नट

लहान मुलांच्या तीनचाकी सायकलीचे मागचे चाक कशाने धरलेले असते, हे आपण कधी पाहिले आहे काय? पुष्कळदा तेथे पेचाचा नट नसतोच. कण्याच्या टोकावर पत्र्याची एक टोपी नुसती ठोकून बसविलेली असते. आम्ही अशी टोपी उचकटून चाकाला तेल घातले आणि तीच टोपी पुन्हा ठोकली. दुसऱ्या दिवशी उतारावर चाक निसटले व आमचा भाचा गुडघे फोडून रडत घरी आला.

त्या टोपीत स्प्रिंगच्या पोलादाची चकती असते. तिच्या भोकाभोवती चिरा देऊन दात केलेले असतात. भोक सळईपेक्षा किंचित लहान असते. चकती आत ढकलली की दात वाकून वाट देतात; मागे ओढली की त्यांची टोके सळईत रुततात. दात सरळ होऊ पाहतात, तसे भोक आणखी आवळते. म्हणून ती जाते सहज, पण निघत नाही.

अशी चकती आखणे मात्र सोपे नाही. पत्रा दुप्पट जाड केला तर दाताचा ताठपणा आठपट होतो. मग चकती आत जात नाही, किंवा दात कायमचे वाकतात. पत्रा फार पातळ केला तर पकड राहत नाही. चकती सळईपेक्षा कठीण हवी, नाहीतर दातच झिजतात. चिरेचे टोक गोल हवे, नाहीतर तेथूनच तडा जातो. सळईचे टोक उतरते घासलेले हवे. आपल्या बेटाच्या खाऱ्या हवेत गंजाचाही विचार हवाच.

या चकतीचे एक भावंड अमेरिकेत क्लीव्हलँड येथे जन्मले. टिनरमन यांच्या चुलींवरील काचेचा मुलामा पेच आवळताना तडकत असे. त्यावर उपाय म्हणून १९२०च्या दशकात पत्र्याचा स्प्रिंगदार नट निघाला. पुढे दुसऱ्या महायुद्धात तो विमानांतही वापरला गेला.

आता आमची चूक कळली. टोपी उचकटताना दात उलटे वाकले होते, टोके बोथट झाली होती. बाहेरून ती जशीच्या तशी दिसत होती, पण धरण्याची शक्ती गेली होती. तेव्हा पालकहो, काढलेली टोपी फेकून द्या, नवी बसवा आणि चाक जोराने ओढून पाहा. टोपीला थोडेच पैसे पडतात. गुडघ्याचे मोल त्याहून जास्त आहे.